बेळगावात घरची खोली ऑनलाइन पाहुण्यांना भाड्यानं देताना

टिळकवाडी, हिंदवाडी, शहापूर, वडगाव, कुठंही बघा, खाली आई-वडील आणि वर दोन रिकाम्या खोल्या असलेली घरं पुष्कळ दिसतील. मुलं पुण्याला नाहीतर बेंगळुरूला. कायमचा भाडेकरू ठेवायचा तर तो वेळेवर जागा सोडेल का ही धास्ती, आणि दिवाळीत मुलं आली की झोपायचं कुठं हा प्रश्न. मग कुणीतरी भाचा सांगतो, "मावशी, एअरबीएनबीवर टाक की!" त्या अॅपवर खोलीची जाहिरात टाकणं अर्ध्या तासाचं काम आहे. त्याच्या आधी काय करायचं आणि नंतर काय निस्तरावं लागतं, हे भाचा सांगत नाही. मी वरचा मजला असाच देते, म्हणून क्रमानं लिहिते.

१. आधी ठरवा, तुमच्याकडं येणार कोण

बहुतेक जण गोव्याचे फोटो बघून सुरुवात करतात. भिंतीवर रंगीत दिवे, बाल्कनीत झोपाळा. बेळगाव शहरात येणारा पाहुणा फिरायला आलेला नसतो, तो कामाला आलेला असतो. केएलईच्या हॉस्पिटलात कुणी दाखल आहे म्हणून हुबळी, सिंधुदुर्ग, गोव्याहून आलेले नातेवाईक. व्हीटीयू या इंजिनीअरिंगच्या विद्यापीठात किंवा जेएनएमसी मेडिकल कॉलेजात मुलाला सोडायला आलेले पालक. मराठा लाइट इन्फंट्रीच्या कसम परेडला, म्हणजे प्रशिक्षण संपल्यावरच्या शपथविधीला, आलेले अग्निवीराचे आई-वडील, बरोबर काका, मामा आणि दोन लहान मुलं. कोर्टाची तारीख असलेले. लग्नाचं वऱ्हाड. डिसेंबरात सुवर्ण विधानसौधमध्ये अधिवेशन भरलं की शहरातले लॉज भरतात, तेव्हा गाड्यांचे ड्रायव्हर आणि कर्मचारीसुद्धा खोल्या शोधत हिंडतात.

या माणसांना काय लागतं? झोपाळा नाही. हॉस्पिटलवाल्याला लागतो कुकर, शेगडी आणि फ्रीज. माझ्याकडं आलेल्या एका बाईंनी पिशवी ठेवायच्या आधी विचारलं, "मऊ भात लावायला मिळेल ना?" नवऱ्याचं ऑपरेशन झालं होतं, आणि सकाळी सातला डबा वॉर्डात पोचायला हवा होता. तेव्हापासून त्या खोलीत एक लहान कुकर, स्टीलचा तीन कप्प्यांचा डबा आणि थर्मास कायम असतो. जाहिरातीतही ते पहिल्या तीन ओळींत लिहिलंय, आणि चौकशी करणारे नेमकं त्याचंच विचारतात.

परेडवाल्यांना जास्तीच्या गाद्या लागतात आणि गाडी लावायला जागा. विद्यार्थ्याच्या पालकांना शांतता आणि बसस्टॉप. तुमचं घर नेहरूनगरच्या बाजूला असेल तर हॉस्पिटल धरा, कॅम्प-गणेशपूर-हिंडलग्याकडं असेल तर परेड धरा, मच्छे-पिरनवाडीकडं असेल तर कॉलेज. सगळ्यांसाठी सगळं करायला जाऊ नका.

खानापूर, जांबोटी, कणकुंबीची गोष्ट वेगळी. तिथं पाहुणा खरंच फिरायला येतो: पावसाळ्यात धबधबे आणि चोर्ल्याचं धुकं, थंडीत हलशीची कदंबकालीन मंदिरं आणि भीमगडच्या कडेचं रान. पण तिथला धंदा शनिवार-रविवारचा आहे. सोमवार ते गुरुवार खोली रिकामी राहणार, हे धरूनच हिशेब मांडा.

२. कागद गोळा करा, फोटो नंतर

घर वाडवडिलार्जित असेल तर आधी उताऱ्यावरची नावं बघा. चार भावांची नावं असतील तर चौघांची लेखी संमती घ्या, साध्या कागदावर का होईना, सह्या हव्यात. उत्पन्न सुरू होईपर्यंत कुणी काही बोलत नाही. सुरू झालं की धारवाडचा चुलतभाऊसुद्धा फोन करतो.

हाताशी असावेत असे कागद:

– मालकीचा पुरावा: शहरात सिटी सर्व्हेचा उतारा आणि ई-खाता (महापालिकेचा मालमत्ता नोंदीचा दाखला), ग्रामपंचायत हद्दीत ई-स्वत्तू या ऑनलाइन मालमत्ता नोंदीचे फॉर्म ९ आणि ११
– चालू वर्षाची घरपट्टी भरल्याची पावती
– हेस्कॉमचं वीजबिल
– मालकाचं आधार आणि पॅन
– पॅन ज्याच्या नावावर आहे त्याच्याच नावाचं बँक खातं
– अपार्टमेंट असेल तर असोसिएशनचं ना-हरकत पत्र
– सहमालकांची संमती
– घराचा साधा नकाशा आणि खोल्यांचे फोटो

पॅन, बँक खातं आणि जाहिरात तिघांवर तीन नावं, ही नेहमीची अडचण. घर सासऱ्यांच्या नावावर, अॅपवर सुनेचं नाव, खातं मुलाचं. पैसे अडकले की कुणाशी बोलायचं तेच कळत नाही. एकच माणूस ठरवा आणि जाहिरात, पॅन, खातं सगळं त्याचंच ठेवा.

नावांच्या स्पेलिंगचंही तेच. आपल्याकडं आधारवर एक, उताऱ्यावर कन्नडमधून इंग्रजीत आलेलं दुसरं आणि पासबुकावर तिसरं असं सर्रास असतं. आडनावातलं एक अक्षर फिरलं तरी पडताळणी अडते. दुरुस्तीला वेळ लागतो, म्हणून हे काम पहिलं.

३. परवानगी कुणाकडून घ्यायची

कर्नाटकात होमस्टेची नोंदणी पर्यटन खातं करतं. अट समजून घ्या: होमस्टे म्हणजे मालकाचं कुटुंब त्याच घरात किंवा आवारात राहतंय आणि घरातल्या थोड्या खोल्या पाहुण्यांना दिल्यात. तुम्ही पुण्यात आणि फ्लॅट बेळगावात, किल्ली वॉचमनकडं, हा होमस्टे नव्हे. त्याला लॉजिंगसारखा व्यवसाय धरला जातो, आणि महापालिकेचा व्यवसाय परवाना, व्यापारी दराची घरपट्टी हे सगळं मागं लागतं.

जिल्हा पर्यटन कार्यालयात एकदा स्वतः जाऊन या. फॉर्म कन्नडमध्ये असतो. वाचता येत नसेल तर शेजारच्या कॉलेजच्या पोराला बरोबर न्या आणि कशावर सही करतोय ते समजून सही करा. एजंटला पाच-दहा हजार देऊन "करून घ्या" म्हणू नका. तो तोच फॉर्म भरतो, फक्त मोबाइल नंबर स्वतःचा टाकतो, आणि पुढचे सगळे ओटीपी त्याच्याकडं जातात. पोलीस ठाण्यातही आधीच कळवून ठेवा. बीटचा पोलीस चौकशीला आला की घाबरायचं कारण उरत नाही.

कॅम्पात घर असेल तर तिथं महापालिकेची हद्द नाही, कॅन्टोन्मेंट बोर्ड आहे. तिथले नियम तिथंच विचारा. खानापूर तालुक्यात शेतात नवीन खोल्या बांधून हे करणार असाल तर जमीन बिनशेती झाल्याशिवाय वीट रचू नका. भीमगड अभयारण्याच्या जवळ असाल तर वनखात्याशीही बोलून घ्या.

पाटी लावणार असाल तर व्यावसायिक पाटीवर ६० टक्के कन्नड असावं असा राज्याचा नियम आहे. २०२४ पासून तो कायद्यात आहे. माझं मत विचाराल तर शहरातल्या घराला पाटीच लावू नका. पाहुणा मोबाइलच्या नकाशावर येतो. पाटी बघून येणारे रात्री अकराला बेल वाजवतात.

विजेचं मात्र नीट बघा. राज्याच्या मोफत विजेच्या गृहज्योती योजनेचा फायदा घरगुती मीटरलाच आहे आणि २०० युनिटच्या वर गेलात की पूर्ण बिल भरावं लागतं. वरच्या मजल्यावर एसी आणि गिझर लावलात आणि मीटर एकच असला तर एप्रिल-मेमध्ये तुमचं शून्य बिल गेलंच समजा. वरच्या मजल्याला वेगळा मीटर घ्या आणि वापर कसला आहे ते हेस्कॉमला सांगूनच घ्या. घरगुती मीटरवर धंदा सापडला तर दंडासकट वसुली होते. गॅसचंही तसंच आहे, घरगुती सिलिंडर धंद्याला चालत नाही. खोलीत इंडक्शन शेगडी ठेवली की तो प्रश्न मिटतो, शिवाय भीतीही कमी.

४. घर तयार करणं

पाणी आधी. बेळगावच्या काही वॉर्डांत २००८ पासून चोवीस तास पाणी आहे, बाकीच्यांचं कसं येतं ते तुम्हाला माहीतच आहे. पाहुण्यांसाठी टाकी वेगळी ठेवा. खालच्या घरात पाणी जपून वापरायची सवय असते, वरच्या माणसाला ती नसते. तो शॉवर सोडून फोनवर बोलतो.

मग पावसाळा. जून ते सप्टेंबर इथं चादरी वाळत नाहीत. वरून पाऊस, आत दमट, आणि तिसऱ्या दिवशी कुबट वास. पाहुणा नाक मुरडतो आणि तारे दोन कमी देतो. जाड सोलापुरी चादरी दिसायला छान, पण जुलैत त्या वापरू नका. पातळ सुती चादरी, एका पलंगाला तीन जोड. एक अंथरलेला, एक धुतलेला, एक वाळत. लॉन्ड्रीवाल्याशी महिन्याचा दर ठरवा. कपाटात आणि गादीखाली बुरशी येते, म्हणून खोली रिकामी असली तरी एक दिवसाआड खिडक्या उघडून पंखा लावायचा. पश्चिमेच्या भिंतीला ओल असेल तर मे महिन्यात वॉटरप्रूफिंग करून घ्या, रंग देऊन झाकू नका. श्रावणापर्यंत तो सोलून येतो.

बाकी यादी छोटी: बाथरूमला आतून नीट लागणारी कडी, गरम पाणी, इन्व्हर्टरवर एक दिवा, एक पंखा आणि वायफाय, मोबाइल चार्जिंगला पलंगाजवळ प्लग, अग्निशामक नळकांडं, प्रथमोपचाराचा डबा. कॅमेरा लावायचा तर फक्त बाहेर, गेटवर, आणि तो असल्याचं जाहिरातीत लिहून. खोलीच्या आत कॅमेरा हा गुन्हा आहे.

बुकिंग उघडण्याआधी एक रात्र तुम्ही स्वतः वर झोपा. पहाटे पाण्याची मोटर किती घुमते आणि पायरीवरचा दिवा कुठून लावायचा, हे त्याशिवाय कळत नाही.

५. जाहिरात आणि दर

एअरबीएनबी, बुकिंग डॉट कॉम, मेकमायट्रिप, अगोडा अशी ठिकाणं आहेत. सुरुवातीला एकच घ्या. दोन ठिकाणी टाकलंत आणि कॅलेंडर जोडलं नाहीत तर एकाच रात्री दोन कुटुंबं दारात उभी राहतात.

शीर्षकात किंवा वर्णनात इंग्रजीत शहराचं जुनं आणि नवं, दोन्ही स्पेलिंग घाला. २०१४ च्या १ नोव्हेंबरला अधिकृत नाव बदललं, पण बाहेरचे लोक अजून जुन्यानंच शोधतात. 'शहराच्या मध्यभागी' असं लिहून काही कळत नाही. 'रेल्वेच्या दुसऱ्या गेटापासून चालत', 'केएलई हॉस्पिटलला रिक्षानं दहा मिनिटं' असं लिहा. जे नाही तेही लिहा: लिफ्ट नाही, पायऱ्या अठरा, गल्लीत मोठी गाडी येत नाही. म्हाताऱ्या माणसाला घेऊन आलेला पाहुणा पायऱ्या बघून चिडला तर चूक त्याची नसते. फोटो सकाळी दहाला, पडदे उघडून, मोबाइलनंच काढा.

दराचा अंदाज असा मांडा. समजा रात्रीचे १,८०० रुपये आणि महिन्यात १२ रात्री भरल्या. आले २१,६००. अॅपचं कमिशन १५ टक्के धरा, गेले ३,२४०. सहा वेळा पाहुणे बदलले आणि दर वेळी साफसफाई-धुलाईचे ३०० म्हणजे १,८००. वीज-पाणी २,५००, इंटरनेट ७००. हातात राहिले १३,३६०. यातून साबण, चहा, बल्ब, फुटलेला मग. आता तोच मजला कायम भाड्यानं दिला तर तुमच्या गल्लीत काय मिळतं ते बघा. फरक दोन-तीन हजारांचाच असेल तर ही दगदग करू नका, हे मी स्पष्ट सांगते. फरक मोठा असेल किंवा सणासुदीला घर मोकळं हवं असेल, तरच यात अर्थ आहे.

दर वर्षभर एकच ठेवू नका. अधिवेशनाचे दिवस, कसम परेडची आदली रात्र, लग्नसराई, शिवजयंतीच्या चित्ररथांची रात्र, तेव्हा मागणी असते. हॉस्पिटलच्या नातेवाइकांना मात्र आठवड्याचा कमी दर द्या. ते आठ-दहा दिवस राहतात, खोली जपतात आणि गावाकडं गेल्यावर दुसऱ्यांना पाठवतात.

स्वतःचे दिवस वर्षाच्या सुरुवातीलाच कॅलेंडरवर बंद करून टाका. गणपतीत घरची माणसं येणार आणि त्याच तारखा कुणीतरी जूनमध्ये बुक करून ठेवलेल्या. तुम्ही रद्द केलं की अॅप दंड लावतं आणि जाहिरात खाली ढकलतं.

६. पाहुणा येतो तेव्हा

बेंगळुरूहून रात्रीची रेल्वे किंवा बस धरली की माणूस पहाटे-सकाळी बेळगावात उतरतो. पुण्याकडून वंदे भारतनं आलेला रात्री. दुपारी बाराचं चेक-इन आणि अकराचं चेक-आउट हा हॉटेलचा नियम इथं जसाच्या तसा चालत नाही. पहाटे येणाऱ्यासाठी दोनच मार्ग: आदली रात्र अर्ध्या दरात द्या, नाहीतर खालच्या हॉलमध्ये बॅगा ठेवून तोंड धुवायची सोय करा. काय देताय ते बुकिंगच्या वेळीच मेसेजमध्ये लिहा.

प्रत्येक मोठ्या माणसाचं ओळखपत्र बघा, फक्त बुकिंग करणाऱ्याचं नाही. रजिस्टर ठेवा: नाव, पत्ता, फोन, गाडीचा नंबर, कुठून आले, कुठं जाणार, आल्या-गेल्याची वेळ, सही. आधारची प्रत घेताना फक्त शेवटचे चार आकडे दिसणारी मास्क केलेली घ्या, आणि ती व्हॉट्सअॅपवर नातेवाइकांच्या ग्रुपात जाणार नाही याची काळजी घ्या.

पासपोर्ट परदेशी असेल तर २४ तासांच्या आत परदेशी नोंदणी कार्यालयाच्या पोर्टलवर माहिती भरावी लागते. लोक अजून त्याला फॉर्म सी म्हणतात. २०२५ च्या १ सप्टेंबरपासून नवा इमिग्रेशन आणि परदेशी नागरिक कायदा लागू आहे, त्यातही ही जबाबदारी घरमालकाचीच. "आमच्याकडं कोण परदेशी येतंय?" असं म्हणू नका. केएलईत मलेशियाची मुलं शिकतात, त्यांचे पालक येतात. आणि अमेरिकेत नागरिक झालेला आपला जोशी किंवा पाटील, आडनाव काहीही असो, कागदावर परदेशीच. पोर्टलवर आधी खातं उघडून ठेवा, पाहुणा दारात आल्यावर नाही.

लग्न न झालेली जोडपी हा प्रश्न येतोच. दोघं सज्ञान असतील तर कायद्यानं बंदी नाही. द्यायचं की नाही ते आधी ठरवा आणि घराच्या नियमांत लिहा. पैसे घेऊन दारातून परत पाठवायचं, हे मात्र बरं नव्हे.

जांबोटीकडच्या मंडळींना एक जादा सूचना. चोर्ल्यातून येणारा पाहुणा गोव्याची बाटली घेऊन येतो. गोव्याची दारू विनापरवाना कर्नाटकात आणणं गुन्हा आहे आणि त्या वाटेवर कणकुंबीला तपासणी नाका आहे. तुमच्या अंगणात ती सापडली तर उत्तर तुम्हाला द्यावं लागतं. पावसाळ्यात वनखातं धबधब्यांकडं जायला बंदी घालतं, तेव्हा "मी वाट दाखवतो" म्हणून घरच्या पोराला बरोबर पाठवू नका.

आणि सीमाभागाचं म्हणून एक. वातावरण तापलं की बस बंद होतात. २०२५ च्या फेब्रुवारीत दोन्ही राज्यांच्या बसगाड्या काही दिवस बंद होत्या. कोल्हापूरचा पाहुणा अडकला तर ती रात्र वाढवून द्या. येणारा येऊ शकला नाही तर पैसे परत करा. अॅपवर बुकिंग रद्द करण्याचं धोरण मध्यम सवलतीचं ठेवलं की यातली निम्मी वादावादी टळते.

७. फसवणूक

बेळगाव लष्कराचं गाव, त्यामुळं हा प्रकार इथं पटकन खपतो. फोन येतो: "मी आर्मीत ऑफिसर आहे, बेळगावला बदली झाली, पंधरा दिवस खोली हवी." ओळखपत्राचा फोटो येतो, तोही खोटा. मग म्हणतो, आमचं पेमेंट वेगळ्या पद्धतीनं होतं, हा क्यूआर स्कॅन करा, पैसे जमा होतील. पैसे घ्यायला क्यूआर स्कॅन करावा लागत नाही आणि यूपीआयचा पिनही टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, जितक्या लवकर तितकी रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त.

दुसरा प्रकार: "चुकून पाच हजार जास्त पाठवले, परत करा" आणि खोट्या मेसेजचा स्क्रीनशॉट. बँकेचं खातं उघडून बघितल्याशिवाय एक रुपया परत नाही.

तिसरा प्रकार साधा आहे. पाहुणा म्हणतो, अॅपवर रद्द करतो, थेट दोनशे कमी घ्या. ओळखीचा असेल तर पुढच्या खेपेला थेट या म्हणावं. अनोळखी माणसाचं अॅपवरचं बुकिंग रद्द करून रोख घेतलंत तर तुमच्या बाजूनं कुणीच उभं राहत नाही.

८. कर

जीएसटीची धास्ती लोकांना विनाकारण जास्त असते. वर्षाची एकूण उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणी लागत नाही, आणि अॅपवरून आलेल्या मुक्कामावरचा जीएसटी अॅपच पाहुण्याकडून घेऊन भरतं. रात्रीचा दर ७,५०० पर्यंत असेल तर २०२५ च्या २२ सप्टेंबरपासून तो ५ टक्के आहे. दर लावताना पाहुण्याला एकूण किती दिसतंय ते बघा, तुमच्या १,८०० चे त्याला १,८९० दिसतात.

आयकराचं मात्र टाळता येत नाही. अॅपकडून येणारा पैसा तुमच्या पॅनवर दिसतो. वर्षाला ५ लाखांच्या आत असाल आणि पॅन दिलेला असेल तर व्यक्तीच्या बाबतीत अॅप टीडीएस कापत नाही, वर गेलात तर ०.१ टक्का. पॅन दिला नाही तर ५ टक्के जातात. टीडीएस कापला नाही म्हणजे कर नाही, असं नव्हे. निवृत्त माणसाच्या पेन्शनमध्ये हे उत्पन्न मिळवलं की हिशेब बदलतो. हे भाडं घरभाड्यात धरायचं की व्यवसायात, हे तुम्ही नाश्ता, साफसफाई वगैरे काय काय देता यावर ठरतं, ते सीएकडून एकदा पक्कं करून घ्या.

त्यासाठी वेगळं बचत खातं उघडा आणि सगळा खर्च त्याच खात्यातून करा. लॉन्ड्री, प्लंबर, गाद्या, रंग, प्रत्येकाची पावती एका फाइलीत. कामाला येणाऱ्या मावशींचे पैसेही यूपीआयनं द्या. जुलैत रिटर्न भरताना सीए पहिल्यांदा ही फाइल मागतो.